सार्जंट मेजर माशाचे फोटो: घोळका सोडा, राखणदार नर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कूबाचं प्रमाणपत्र नुकतंच मिळालंय, हाउसिंगमध्ये, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या कवचात, बसणारा छोटा कॅमेरा आहे. उथळ खडकांवर काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे प्रत्येक डायव्हला भोवती असतात, तरी फोटो निळसर, धुरकट आणि बहुतेक शेपटीचेच येतात. शिवाय एक निळा पडलेला मासा थेट मास्कवर धावून आला. तो आजारी होता का, की दुसऱ्या जातीचा? आणि या माशाचे बरे फोटो काढायचे कसे?

तो आजारी नव्हता, जातही तीच. अंडी राखत बसलेला नर होता तो. विणीच्या काळात या नराचं फिकट अंग गडद निळसर होतं, काळे पट्टे त्या निळ्यात अंधुक होतात, आणि एरवी बाजूनं निमूट निघून जाणारा हा मासा स्वतःच्या कितीतरी पट मोठ्या प्राण्यावर चालून जातो. तुमच्या फोटोंचा प्रश्नही याच माशापाशी सुटतो. घोळक्यामागे फिरू नका. असा एक राखणदार नर शोधा आणि अख्खी डायव्ह त्याच्यासाठी ठेवा. तो जागा सोडत नाही, ठरावीक फेऱ्या मारतो, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी परततो आणि दिवसाउजेडी, उघड्या खडकावर आपला सगळा संसार मांडून बसतो. नवख्या फोटोग्राफरला यापेक्षा चांगला मासा मिळणं कठीण आहे. केवळ सगळीकडे दिसतो म्हणून लोक त्याला ओलांडून पुढे जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी ओळख पक्की करू. हिंदी आणि प्रशांत महासागरात सर्रास दिसणारी जात म्हणजे अबुडेफडफ व्हायगिएन्सिस. फिकट निळसर-हिरवट अंग, पाच उभे काळे पट्टे, पाठीच्या वरच्या भागावर पिवळी झाक. लांबी जास्तीत जास्त २० सेंटीमीटर, पण बहुतेक मासे १५ च्या आसपासच भेटतात. तांबडा समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत ही जात पसरली आहे. अटलांटिकमध्ये हिची भावकी राहते, अबुडेफडफ सॅक्सॅटिलिस. दोघी इतक्या सारख्या दिसतात की जुन्या पुस्तकांत त्या एकच मानलेल्या आढळतात. दोन्ही डॅमसेलफिशच्या कुळातल्या, म्हणजे क्लाउनफिशच्या नात्यातल्या.

गोंधळ होतो तो एकाच खडकावर राहणाऱ्या इतर भाऊबंदांमुळे. शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर काळी रेघ असेल, शेपटी उघड्या कात्रीसारखी दिसत असेल, तर तो सिझरटेल सार्जंट. पट्टे बारीक आणि सहा-सात असतील, शेपटीची टोकं गोलसर असतील तर बेंगाल सार्जंट. शेपटीच्या देठावर वरच्या बाजूला ठसठशीत काळा डाग दिसला तर अबुडेफडफ सॉर्डिडस. हा लाटा फुटतात त्या पट्ट्यात रमतो. म्हणून ओळखीसाठी एक फोटो असा हवाच, ज्यात मासा पूर्ण आडवा आणि शेपटी उघडी दिसते. तो सुंदर नसला तरी चालेल.

आता घोळक्यातल्या फोटोंत शेपट्याच का येतात ते पाहू. दिवसा हे मासे खडकाच्या वर, पाण्याच्या मधल्या थरात, प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपत असतात. खाणं प्रवाहातून येतं, त्यामुळे तोंडं प्रवाहाकडे असतात. डायव्हर बहुधा मागून पोहत येतो. कॅमेरा रोखून फिन्स मारत तो जवळ सरकला की मासे त्याच वेगानं पुढे सरकतात, आणि शेवटी हाती शेपटी लागते. वळसा घालून त्यांच्या पुढच्या बाजूला या, पण बरोबर प्रवाहाच्या रेषेत थांबू नका, जरा तिरके राहा. रेषेत थांबलात तर तुमच्या फिन्सनी उडालेली माती वाहत थेट माशांवर जाते आणि फोटो कणाकणांनी भरतो. तिरकं थांबायचं, हात-पाय आवरायचे आणि वाट पाहायची. एक-दोन मिनिटांत घोळका पुन्हा सैल होतो आणि चेहरे तुमच्याकडे वळतात.

काही ठिकाणी हे मासे डायव्हर दिसताच धावत येतात आणि हातापाशी घुटमळतात. तिथे त्यांना कुणीतरी खायला घालण्याची सवय लावलेली असते. फोटोसाठी तुम्ही तेच करू नका. अशा घोळक्यात तुम्हाला माशाचं खरं वागणं दिसत नाही, फक्त झोंबाझोंबी दिसते. शिवाय आयत्या खाण्याची चटक लागलेले मासे आसपासच्या घरट्यांवरही ताव मारतात.

राखणदार नर कुठे शोधायचा? खडकाची उभी किंवा कलती, तुलनेनं सपाट बाजू, धक्क्याचे खांब, बुडालेल्या जहाजाचा पत्रा, मोठ्या दगडाची सावलीकडची कड. आधी लांबून पाहा. घोळका वर असताना एखादाच निळसर मासा खाली, खडकाला चिकटून, हातभर जागेत येरझारा घालताना दिसेल. त्या जागेवर नजर स्थिर केली की खडकावर जांभळट-लालसर, मखमली दिसणारा डाग लक्षात येतो. तीच अंडी. एकेक अंडं मिलिमीटरहूनही लहान, एका टोकानं खडकाला चिकटवलेलं, आणि एका डागात अशी हजारो. बऱ्याचदा शेजारी-शेजारी अनेक नरांची घरटी असतात, त्यामुळे एक सापडला की त्याच उंचीवर आजूबाजूला नजर टाका.

या नराचं काम जवळून पाहिलं की थक्क व्हायला होतं. अंडी घालण्याआधी तो जागा साफ करतो. शेवाळाचे तंतू तोंडानं उपटतो, कचरा उचलतो, जरा लांब जाऊन टाकतो, परत येतो. मग माद्यांना घरट्याकडे बोलावतो, आणि हे बोलावणं पाहायचं तर सकाळची पहिली डायव्ह गाठावी. अंडी घालण्याचं काम प्रामुख्यानं सकाळी चालतं. एकाच घरट्यात एकाहून अधिक माद्या अंडी घालतात. अंडी घातली की मादी निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. बाजूच्या परांनी तो अंड्यांवर पाणी खेळतं ठेवतो, डोकं खाली करून डागावरून नजर फिरवतो, मेलेली अंडी टिपून काढतो. मध्येच वळतो, पाठीवरचा पर ताठ करतो, एखाद्या घुसखोरावर झेप घेतो आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा डागापाशी हजर असतो. कधी कधी तो स्वतःची निरोगी अंडीही खातो. फार थोडी अंडी असलेलं घरटं तर पूर्ण संपवतो. राखण करताना त्याला चरायला फुरसत नसते, आणि थोडक्या अंड्यांसाठी इतके दिवस अडकून राहणं त्याला परवडत नाही. हे दृश्य तुमच्या समोर घडलं तर ते टिपून ठेवा, महत्त्वाची नोंद आहे.

अंडी ताजी असताना जांभळट-लालसर दिसतात. दिवस जातील तसा रंग उतरतो, डाग करडा, चंदेरी होतो, आणि नीट पाहिलं तर ती चमक म्हणजे आतल्या पिल्लांचे डोळे असतात. पाण्याच्या तापमानानुसार आठवड्याच्या आत अंडी फुटतात, तीही अंधार पडल्यावर, जेव्हा दिवसा फिरणारे शिकारी कपारीत गेलेले असतात. पिल्लं मग दोन-तीन आठवडे मोकळ्या समुद्रात वाहत राहतात. जरा मोठी झालेली पिल्लं तरंगत्या शेवाळाखाली, ओंडक्याखाली, टाकून दिलेल्या जाळ्याच्या आडोशाला सापडतात. अशा तरंगत्या वस्तूंच्या आधारानं ही जात दूरदूर पोचते. १९९० च्या दशकात ती हवाई बेटांवर दिसू लागली आणि तिथल्या मूळच्या सार्जंट जातीशी तिचा संकरही होऊ लागला. म्हणून उथळ पाण्यातली डायव्ह संपवून वर येताना तरंगत्या शेवाळाखाली एक नजर टाका. नखाएवढे पट्टेदार मासे तिथे असतात आणि त्यांचे फोटो फार कमी लोक काढतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: अंतर. घरट्याच्या आसपास रॅस आणि बटरफ्लायफिश हे अंडी खाणारे मासे टपून असतात, आणि स्वतःच्याच जातीचे मासेही. नर आहे तोवर ते अंतर राखतात. डायव्हर फार जवळ गेला आणि नर घाबरून बाजूला झाला की ही टोळी काही सेकंदांत डागावर तुटून पडते. रॅस आधी एकटा येतो, चोच मारतो, मग मागोमाग दहा-बारा येतात. मिनिटभरात डागाला पांढरी भोकं पडलेली दिसतात. एका फोटोसाठी हजारो अंडी जातात, आणि फोटो काढणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही, कारण त्याची नजर पडद्यावर असते.

म्हणून अंतर तुम्ही ठरवायचं नाही, ते नराला ठरवू द्यायचं. मी तीन मीटरवर थांबतो आणि कॅमेरा खालीच ठेवतो. पर हलवून तो अंड्यांवर पाणी मारतोय, फेऱ्या नियमित आहेत, शेजाऱ्यांना हाकलतोय, म्हणजे त्याच्या दृष्टीनं सारं सुरळीत चाललंय. मग अर्धा मीटर पुढे, पुन्हा थांबायचं. तुमच्याकडे तोंड करून तो स्थिर झाला, पाठीवरचे काटे उभारले, पाणी मारणं थांबवलं, तर ही हद्द. आणखी पुढे गेलात तर तो झेप घेतो. त्याला घाबरण्याचं कारण नाही, त्याच्या चाव्यानं इजा होत नाही. पण त्याची एक झेप म्हणजे तेवढा वेळ घरटं उघडं. झेप आली की अर्धा मीटर मागे या, तो शांत होईपर्यंत हलू नका. आणि तो घरटं सोडून लांब गेला आणि परतायला तयार नसेल तर लगेच निघा, कारण तुम्ही तिथे असेपर्यंत तो येणार नाही. बहुतेक नर चार-पाच मिनिटांत माणसाला सरावतात. मग साधारण मीटरभर अंतरावरून तो तुमची दखलही घेत नाही, आणि खरे फोटो तिथून सुरू होतात.

श्वासाचाही परिणाम होतो. रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडातल्या श्वासाच्या उपकरणातून, बुडबुडे सुटण्याचा आवाज माशांना दचकवतो. बुडबुडे न सोडणारं रीब्रीदर वापरणाऱ्यांना मासे जास्त जवळ येऊ देतात हे अनेक ठिकाणी दिसून आलंय. पण म्हणून श्वास रोखू नका. स्कूबात श्वास रोखणं कधीच चालत नाही, आणि उथळ पाण्यात तर मुळीच नाही. भरलेल्या फुप्फुसांनी जेमतेम मीटर-दीड मीटर वर उचललं गेलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि लाटेच्या एका हेलकाव्यात तेवढा चढ सहज होतो. सावकाश, अखंड श्वास घ्या. लांब, हलका उच्छ्वास सोडला तर आवाजही कमी होतो आणि नर त्या लयीला सरावतो.

उथळ पाणी सोपं असतं हा समज नव्या डायव्हरना महागात पडतो. २५ मीटरवरून २० वर येताना बीसीडीतली (अंगावरच्या हवा भरायच्या जाकिटातली) हवा साधारण एक षष्ठांशानं फुगते. ५ मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दीडपट होते. म्हणजे बॉयन्सी (पाण्यात तरंगण्याचा तोल) सांभाळायला सगळ्यात अवघड जागा नेमकी तीच, जिथे हा मासा राहतो. त्यात लाटांचे हेलकावे तुम्हाला पुढे-मागे ढकलतात. या हेलकाव्यांशी झगडू नका. मासाही त्यांच्याबरोबरच हलत असतो, त्यामुळे तुम्ही दोघं एका लयीत आलात की तो तुमच्या चौकटीत जवळजवळ स्थिर दिसतो. हेलकावा संपून परतण्याआधी पाणी क्षणभर थांबतं. शटर तेव्हा दाबा. वजन नीट जुळलेलं नसेल, अंग आडवं राहत नसेल, तर कॅमेरा बोटीवर ठेवा आणि एक-दोन डायव्ह नुसतं घरट्यासमोर तरंगण्यात घालवा. खडकाला धरून फोटो काढायची सवय लावून घेऊ नका. हात ठेवाल तिथे समुद्री साळू किंवा खडकाच्याच रंगाचा स्कॉर्पियनफिश असू शकतो. कॅमेऱ्याच्या नादात हवेचं माप आणि बडी (सोबतचा डायव्हर) दोन्ही विसरले जातात, म्हणून माझा नियम असा की दर काही फोटोंनंतर मापक पाहायचा, मग बडीकडे पाहायचं, आणि मगच पुन्हा कॅमेरा उचलायचा.

आता निळसर, धुरकट फोटोंकडे वळू. पाणी तांबडा रंग आधी शोषतं. पहिल्या पाच मीटरमध्येच तो बराच फिका पडतो, दहाच्या आसपास जवळजवळ उरत नाही. लक्षात ठेवायचं ते हे की फक्त खोली मोजून भागत नाही. सूर्यप्रकाश पृष्ठभागापासून माशापर्यंत येतो आणि माशापासून लेन्सपर्यंत जातो, ही सगळी वाट पाण्याची. सहा मीटर खोलीवरचा मासा तुम्ही दोन मीटरवरून टिपला तर रंगानं आठ मीटर पाणी कापलेलं असतं. त्यातच पाण्याखाली वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या भासतात, त्यामुळे मीटरभर वाटलेलं अंतर खरं तर जास्त असतं. झूम वापरलात तर मासा मोठा होतो, पण मधलं पाणी तेवढंच राहतं. धूसरपणाचं मूळ हेच. मासा मीटरभराच्या आत येत नसेल तर फोटो काढू नका, पाहत राहा.

छोट्या कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो. तो उडाला की माशाआधी मधले कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. तीन-चार मीटर खोलीवर तो सरळ बंद करा, सूर्य पाठीशी घ्या आणि नैसर्गिक प्रकाशात काढा. खोल जाऊन काढायचं असेल तर बाहेरचा स्ट्रोब, म्हणजे कॅमेऱ्याबाहेर जोडायचा वेगळा फ्लॅश, घ्या. त्याला लांब दांडी हवी, तो लेन्सच्या बाजूला आणि किंचित मागे ठेवायचा, आणि तोंड माशावर रोखण्याऐवजी थोडं बाहेरच्या बाजूला वळवायचं. माशावर प्रकाशाच्या झोताची कड पडली पाहिजे. मधले कण तेव्हा अंधारातच राहतात.

या माशाची स्वतःची एक अडचण आहे, ती म्हणजे पट्टे. काळा आणि चमकता चंदेरी असे दोन टोकांचे रंग शेजारी-शेजारी. कॅमेरा काळ्या पट्ट्याला भुलून जास्त प्रकाश घेतो आणि मधल्या चंदेरी खवल्यांचा तपशील कायमचा पांढरा होऊन जातो. म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) मुद्दाम अर्धा ते पाऊण स्टॉप (प्रकाशाचं एकक) कमी ठेवा. काळ्यातून नंतर थोडंफार काढता येतं, जळलेल्या पांढऱ्यातून काहीच निघत नाही. स्ट्रोबवर डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारं झाकण) लावा, ताकद कमी करा, आणि मासा अगदी समांतर आडवा असताना फ्लॅश उडवू नका, कारण तेव्हा खवले आरशासारखे प्रकाश परत फेकतात. तो थोडा तुमच्याकडे वळलेला असताना खवल्यांवरची चमक सौम्य होते आणि चेहराही मिळतो.

फोकसचीही हीच गंमत. ऑटोफोकसला ठळक कडा हव्या असतात, आणि या माशाच्या अंगावर सगळ्यात ठळक कड पट्ट्याची. त्यामुळे फोकस पोटावरच्या पट्ट्यावर जातो आणि डोळा मऊ येतो. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर न्या. डोळा पहिल्या काळ्या पट्ट्याच्या पुढे, फिकट चेहऱ्यावर असतो, त्यामुळे शोधायला सोपा. शटर उशिरा पडणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यासाठी राखणदार नर हा फारच सोयीचा. त्याच्या फेऱ्या पाहा, तो प्रत्येक वेळी ज्या कोपऱ्यावर वळतो तिथल्या खडकावर बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवा, आणि तो तिथे आला की पूर्ण दाबा. पाठलाग करण्याची गरजच उरत नाही.

सेटिंग्जबद्दल फार घोळ घालू नका. अदलाबदलीच्या लेन्सचा कॅमेरा असेल तर स्ट्रोबसह एफ ८ ते एफ ११ (लेन्सच्या छिद्राचं माप), शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० इथून सुरुवात करा. मागचं निळं पाणी गडद वाटलं तर शटर थोडा सावकाश करा, माशावरचा प्रकाश स्ट्रोबच्या ताकदीनं जुळवा. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ ४ ते ५.६ पुरेसं आहे, त्याहून बंद केलं तर तीक्ष्णता घटते. नैसर्गिक प्रकाशात मासा स्थिर दिसण्यासाठी शटर १/२५० च्या खाली नेऊ नका. लेन्सचं म्हणाल तर साठ किंवा शंभर मिलिमीटरची मॅक्रो (छोट्या गोष्टी मोठ्या टिपणारी लेन्स) राखणदारासाठी उत्तम, कारण अर्ध्या-पाऊण मीटरवरून १५ सेंटीमीटरचा मासा चौकट भरतो आणि घरट्यालाही मोकळीक राहते. अंड्यांचे अगदी जवळचे फोटो मात्र नराला हाकलून काढू नका. तो शेजारीच पर हलवत असताना लांब मॅक्रोनं जेवढं मिळेल तेवढंच घ्या.

भर दुपारी, स्वच्छ उन्हात, दोन-तीन मीटरवर लाटांमुळे प्रकाशाच्या रेघा सतत नाचतात. साध्या रंगाच्या माशावर त्या छान दिसतात, पण आधीच पट्टे असलेल्या या माशावर सगळं एकमेकांत मिसळतं आणि ओळखही कठीण होते. सकाळी लवकर, उतरत्या उन्हात किंवा ढगाळ दिवशी या. घोळक्याचा फोटो मात्र दुपारीच घ्यावा, खालून वर पाहत. पृष्ठभागावर डोक्यावर जो उजळ गोल दिसतो, सुमारे ९७ अंशांचा, त्यात पट्टेदार आकृत्या येऊ द्या. तिथे रंगाची फिकीरच नाही. खूप छान दिसतं ते.

अॅक्शन कॅमेरा असेल तर आणखी एक करून पाहा. वजन लावलेला छोटा स्टँड घ्या, घरट्यापासून मीटरभर अंतरावर उघड्या खडकावर किंवा वाळूत तो ठेवा, प्रवाळावर मुळीच नाही, आणि स्वतः चार-पाच मीटर मागे सरका, कॅमेरा नजरेत राहील एवढेच. डायव्हर दूर झाला की नराचं वागणं पार बदलतं. शेजाऱ्यांशी भांडणं, मादीचं येणं, पाणी मारण्याची लय, हे सगळं त्या चित्रणात येतं. तुम्ही समोर तरंगत असताना त्यातलं निम्मंही दिसत नाही. स्लेटवर (पाण्याखाली लिहायच्या पाटीवर) वेळ, खोली, पाण्याचं तापमान आणि अंड्यांचा रंग लिहा. शक्य असेल तर पुढचे तीन-चार दिवस त्याच घरट्यावर परत जा. जागा लक्षात ठेवायला जवळच्या दगडाची, स्पंजची ठेवण पुरते. खुणेसाठी काही बांधू नका, खरवडू नका. जांभळ्या डागापासून चंदेरी डोळ्यांपर्यंतची चार दिवसांची मालिका जगातल्या कुठल्याही दुर्मीळ माशाच्या एकट्या फोटोइतकीच मोलाची आहे, असं मी मानतो.

फ्लॅशनं माशाला इजा होते का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात येतोच. सीहॉर्ससारख्या तळाशी राहणाऱ्या माशांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्लॅशमुळे वागणुकीवर किंवा डोळ्यांवर वेगळा परिणाम आढळला नाही. माशाला हात लावणं, हलवणं याचा त्रास मात्र स्पष्ट दिसला. सार्जंट मेजर त्या अभ्यासात नव्हता, म्हणून मी एका घरट्यावर मोजकेच फ्लॅश वापरतो आणि पहिल्या दोन फ्लॅशनंतर थांबून नर पुन्हा अंड्यांकडे वळतो का ते पाहतो. वळला तरच पुढे.

शेवटचा भाग रंगाचा, आणि इथे या माशाच्या बाबतीत हमखास चूक होते. संगणकावर रंग आपोआप दुरुस्त करणारं बटण दाबलं की फोटोतला निळा काढून टाकला जातो. सर्वसाधारण फोटोत ते ठीक, पण राखणदार नर खरोखरच निळा असतो. ते बटण त्याला करडा करून ठेवतं, आणि विणीच्या काळातला नर आणि घोळक्यातला साधा मासा यांतला फरकच फोटोतून पुसला जातो. म्हणून करड्या रंगाची एक छोटी पाटी सोबत न्या. घरट्याच्याच खोलीवर, मासा जितक्या अंतरावर होता तितक्याच अंतरावर पण घरट्यापासून बाजूला, त्याच प्रकाशात तिचा एक फोटो घ्या. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग न बदललेल्या मूळ रूपात, साठवा, पाटीवरून रंगाचा समतोल ठरवा आणि तोच त्या जागेच्या सगळ्या फोटोंना लावा. शेजारून जाणाऱ्या साध्या सार्जंटची पाठ पिवळी आणि अंग फिकट दिसू लागलं की समतोल बरोबर बसला, आणि त्याच फोटोत नर अजूनही निळा दिसत असेल तर तो निळा त्याचा स्वतःचा आहे.